व्हान्स की वॉल्झ? डिबेटनंतर उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री नऊ वाजता न्यूयॉर्कमध्ये जे. डी. व्हान्स आणि टिम वॉल्झ समोरासमोर उभे राहिले, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजले होते. गांधीजयंतीची सुट्टी होती आणि त्याच दिवशी सर्वपित्री अमावस्या. स्वयंपाकघरात खिरीची तयारी चालली होती आणि मी दीड तास टीव्हीसमोरून हललो नाही. मी नागरिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे त्या दिवसापासून विद्यार्थी, शेजारी आणि अमेरिकेत राहणारे नातेवाईक मला त्या डिबेटबद्दल तेच तेच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

हे दोघं मुळात कोण?

व्हान्स रिपब्लिकन पक्षाचे, अध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांचे निवडणुकीतले जोडीदार. ओहायोतल्या मिडलटाउन या पोलादाच्या गावात वाढले, मरीन्समध्ये भरती होऊन इराकला गेले, नंतर येल विद्यापीठात कायदा शिकले आणि जानेवारी २०२३ मध्ये सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, झाले. डिबेटच्या वेळी वय ४०, राजकारणातला अनुभव पावणेदोन वर्षांचा.

वॉल्झ डेमोक्रॅटिक पक्षाचे, तेव्हाच्या उपाध्यक्ष आणि अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांचे जोडीदार. जन्म नेब्रास्कातला. मिनेसोटातल्या मॅनकाटो गावी शाळामास्तर आणि फुटबॉल प्रशिक्षक, नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलात २४ वर्षं, प्रतिनिधिगृहात (संसदेच्या खालच्या सभागृहात) १२ वर्षं आणि २०१९ पासून मिनेसोटाचे गव्हर्नर. वय ६०. राज्यातल्या सगळ्या शाळकरी मुलांना फुकट जेवण देणारा कायदा २०२३ मध्ये त्यांच्याच सहीने झाला.

नियम काय होते?

सीबीएस वाहिनीचा स्टुडिओ, नव्वद मिनिटं, समोर प्रेक्षक नाहीत. नोरा ओडॉनेल आणि मार्गारेट ब्रेनन या दोघी प्रश्न विचारणाऱ्या. उमेदवारांना आधी लिहून आणलेले कागद वापरायला मनाई होती. जवळ फक्त कोरी वही आणि पेन.

मग जिंकलं कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात कमी उपयोगाचाही हाच. तरी आकडे सांगतो. डिबेट पाहिलेल्या मतदारांची सीएनएनने लगेच पाहणी केली, तेव्हा ५१ टक्के व्हान्स आणि ४९ टक्के वॉल्झ असा कौल आला. सीबीएसच्या पाहणीत व्हान्स ४२, वॉल्झ ४१, आणि १७ टक्के लोक म्हणाले की बरोबरी झाली. म्हणजे कुणीच जिंकलं नाही, असं म्हणायलाही हरकत नाही.

त्याच सीएनएनच्या पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. वॉल्झ यांच्याबद्दल चांगलं मत असणारे डिबेटआधी ४६ टक्के होते, नंतर ५९ टक्के झाले. व्हान्स यांच्या बाबतीत ३० चे ४१ झाले. म्हणजे एक चढला म्हणून दुसरा घसरला, असं झालं नाही. लोकांनी दोघांना प्रथमच सलग दीड तास पाहिलं आणि दोघंही त्यांना आधीपेक्षा बरे वाटले. आवडणं वॉल्झच्या वाट्याला जास्त आलं, वादकौशल्याचे गुण मात्र व्हान्सना. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यात त्या एकच होऊन जातात.

ही पाहणी फक्त डिबेट बघितलेल्या लोकांची असते, साऱ्या देशाची नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

उपाध्यक्षाला काम तरी काय असतं? एवढं बारकाईने बघायचं कशाला?

राज्यघटनेने नेमून दिलेलं रोजचं काम थोडं आहे, हे खरं. पण ज्या तीन वेळा त्याची गरज पडते, त्या तिन्ही वेळा फार मोठ्या असतात.

पहिली, अध्यक्ष गेला तर. आजवर नऊ उपाध्यक्ष असे मधेच अध्यक्ष झाले. आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि नववे जेराल्ड फोर्ड, निक्सन यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिल्यावर. हॅरी ट्रुमन यांचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. ते फक्त ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ ला अध्यक्ष रूझवेल्ट गेले आणि महायुद्ध चालू असताना देश ट्रुमन यांच्या हाती आला. अणुबॉम्ब तयार होतो आहे याची नीट माहितीदेखील त्यांना अध्यक्ष झाल्यावर मिळाली. चार महिन्यांच्या आत हिरोशिमा झालं. २०२४ मध्ये ट्रम्प ७८ वर्षांचे होते, म्हणून हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

दुसरी, सिनेटमध्ये समसमान मतं पडली तर. तेव्हा उपाध्यक्षाचं मत निर्णायक ठरतं. कमला हॅरिस यांनी असं मत ३३ वेळा दिलं. हा विक्रम आहे. त्याआधीचा ३१ मतांचा विक्रम जॉन कॅल्हून यांच्या नावावर एकोणिसाव्या शतकापासून होता.

तिसरी, निवडणुकीनंतर ६ जानेवारीला काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, राज्यांची इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची मतं) मोजली जातात तेव्हा. त्या बैठकीचं अध्यक्षपद उपाध्यक्षाकडे असतं. २०२१ मध्ये ट्रम्प यांचे तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यावर निकाल फिरवण्यासाठी केवढा दबाव आला, ते आपण पाहिलंच. पुढे २०२२ मध्ये कायदा करून ही भूमिका केवळ औपचारिक आहे हे स्पष्ट लिहावं लागलं.

म्हणून मी तुलना करताना हे तीन प्रसंग डोळ्यांपुढे ठेवतो. हा माणूस उद्या सकाळी अध्यक्ष झाला तर? बरोबरीत अडकलेल्या विधेयकावर हा कुणाचं ऐकेल? आणि मोजणीच्या दिवशी आपल्याच पक्षाने दडपण आणलं तर हा काय करेल?

व्हान्स कुठे सरस वाटले?

बोलण्यात. वाक्यं पूर्ण, आवाज खाली, चेहऱ्यावर ताण नाही. प्रश्न घरभाड्याचा असो की पाळणाघराच्या खर्चाचा, ते आधी आपल्या आईचं आणि गरिबीतल्या बालपणाचं सांगायचे आणि मग धोरणाकडे वळायचे. श्रोता तोवर त्यांच्या बाजूला झुकलेला असायचा. गर्भपातावर बोलताना त्यांनी उघड मान्य केलं की या विषयात लोकांचा आपल्या पक्षावर विश्वास नाही आणि तो परत मिळवायला हवा. पूर्वी ट्रम्प यांच्यावर कडक टीका केलीत, त्याचं काय, असं विचारल्यावर ‘माझी चूक झाली होती’ असं सरळ सांगितलं. ते उत्तर पटो वा न पटो, उत्तर होतं.

हॅरिस साडेतीन वर्षं सत्तेत आहेत, मग ही सगळी आश्वासनं आतापर्यंत का पुरी केली नाहीत, हा मुद्दा ते पुन्हा पुन्हा आणत राहिले. वॉल्झना त्याचं समाधानकारक उत्तर शेवटपर्यंत जमलं नाही.

आणि वॉल्झ?

सुरुवातीला चक्क घाबरलेले दिसत होते. त्याच दिवशी इराणने इस्राएलवर क्षेपणास्त्रं डागली होती आणि पहिला प्रश्न त्यावरच आला. वॉल्झ अडखळले. पुढे एका ठिकाणी शाळांमध्ये गोळीबार करणाऱ्यांशीच आपली मैत्री झाली, असं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं. बळी गेलेल्या मुलांच्या घरच्यांबद्दल ते बोलत होते, हे मागचं-पुढचं ऐकलं की कळतं.

पण आरोग्य, गर्भपात आणि लोकशाही या विषयांवर आले तेव्हा त्यांचा सूर सापडला. हे सगळे विषय उत्तरार्धातले. ज्यांनी अर्ध्या तासात टीव्ही बंद केला त्यांना वॉल्झ दिसलेच नाहीत, असं मी म्हणेन. मास्तर माणूस तास संपत आल्यावर रंगात येतो, हा माझा अनुभव आहे.

उत्तर टाळलं हे ओळखायचं कसं?

प्रश्न कागदावर लिहून ठेवा. उत्तर संपल्यावर प्रश्न पुन्हा वाचा. एवढंच. ऐकताना आपण प्रश्न विसरतो, आणि तोच बोलणाऱ्याचा फायदा असतो.

या डिबेटमधली चार ठिकाणं सांगतो.

पहिलाच प्रश्न होता, इस्राएलने इराणवर आधी हल्ला केला तर तुम्ही पाठिंबा द्याल का? वॉल्झ यांनी ट्रम्प यांच्या स्वभावावर बोलून वेळ काढली. व्हान्स यांनी आधी आपली ओळख करून दिली आणि मग निर्णय इस्राएलचा, एवढं सांगितलं. त्यातल्या त्यात उत्तर व्हान्स यांच्याकडून मिळालं.

दुसरं, हाँगकाँगचं. १९८९ च्या जूनमध्ये चीनमधल्या तियानानमेन चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, तेव्हा आपण हाँगकाँगमध्ये होतो असं वॉल्झ पूर्वी सांगत असत. प्रत्यक्षात ते ऑगस्टमध्ये गेले होते. त्याबद्दल विचारल्यावर त्यांनी आपलं गाव, सायकल, उन्हाळा, शाळेतली मुलं असं सगळं सांगून झालं. प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला, तेव्हा कुठे चुकीचं बोललो हे कबूल केलं. कबुली एका वाक्यात देता आली असती, आणि तशी दिली असती तर ती त्यांच्या बाजूने मोजली गेली असती.

तिसरं, आरोग्यविमा. ओबामा यांच्या काळातला विम्याचा कायदा ट्रम्प यांनीच वाचवला, असं व्हान्स यांनी मांडलं. २०१७ मध्ये तो कायदा रद्द करण्याचा जोरदार प्रयत्न ट्रम्प यांच्याच सरकारने केला होता. सिनेटमध्ये जॉन मॅककेन यांच्या विरोधी मतामुळे तो ५१ विरुद्ध ४९ असा फसला. ही नुसती टाळाटाळ म्हणता येणार नाही, ही इतिहासाची उलटी मांडणी होती. ती इतक्या शांतपणे झाली की ज्याला २०१७ आठवत नाही त्याला खटकणारही नाही.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. अगदी शेवटी वॉल्झ यांनी वळून व्हान्स यांनाच विचारलं: २०२० ची निवडणूक ट्रम्प हरले का? व्हान्स म्हणाले, माझं लक्ष भविष्याकडे आहे, आणि लगेच कोविडकाळातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रतिप्रश्न केला. हे उत्तर न देणंच सगळं सांगून जातं, अशा अर्थाचं वॉल्झ बोलले आणि पुढे म्हणाले की म्हणूनच आज या मंचावर माइक पेन्स नाहीत.

पहिले तीन प्रसंग सोडून दिले तरी चालतील. हा चौथा सोडून चालत नाही, कारण तो थेट उपाध्यक्षाच्या कामावरचा प्रश्न आहे. मोजणीच्या दिवशी त्याच खुर्चीत बसायची इच्छा असलेल्या माणसाने मागच्या मोजणीचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ मध्ये सांगायला हवा होता. नव्वद मिनिटांच्या सफाईपेक्षा मी या एका मिनिटाला जास्त वजन देतो. तुम्ही कमी द्याल, पण ऐकून मग द्या.

मधेच माइक बंद का केले?

ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये राहणाऱ्या हैतीच्या स्थलांतरितांचा विषय निघाला होता. त्यातल्या बऱ्याच जणांना कायदेशीर दर्जा आहे, अशी पुस्ती ब्रेनन यांनी जोडली. तुम्ही तथ्यं तपासणार नाही असं ठरलं होतं, असा आक्षेप घेऊन व्हान्स त्या दर्जाची प्रक्रिया समजावू लागले, वॉल्झही बोलू लागले, आणि वाहिनीने दोघांचे माइक बंद केले. तसा हक्क तिने आधीच राखून ठेवला होता. माझं मत विचाराल तर त्या क्षणी दोघांना आणखी एक मिनिट द्यायला हवं होतं. कायदेशीर दर्जा कसा मिळतो यावर खरीखुरी चर्चा सुरू होत होती.

दोघं इतके सौजन्याने वागले, ते खरं होतं की दिखावा?

मनातलं कोण जाणणार? पण एक प्रसंग मी विसरू शकत नाही. आपल्या मुलाने वयाच्या सतराव्या वर्षी गोळीबार डोळ्यांनी पाहिला, असं वॉल्झ यांनी सांगितलं. आपल्या पाळीत बोलायला उभं राहिल्यावर व्हान्स यांनी आधी त्याबद्दल दुःख व्यक्त केलं, मुलगा बरा आहे ना अशी विचारपूस केली आणि मग मुद्द्याकडे वळले. वॉल्झ यांनी आभार मानले. अनेकदा दोघांनी एकमेकांचं अमुक म्हणणं मान्य आहे असं बोलून दाखवलं. शेवटी दोघांच्या पत्नी, ग्वेन वॉल्झ आणि उषा व्हान्स, मंचावर आल्या आणि चौघं बोलत उभे राहिले.

आपल्या वाहिन्यांवर रात्री नऊला जे चालतं ते बघायची सवय असलेल्या मला याचं फार बरं वाटलं. माझ्या विद्यार्थ्यांना हा भाग मी मुद्दाम दाखवतो. मात्र सौजन्य हा उत्तराचा पर्याय नाही, हेही त्यांना त्याच तासात सांगतो.

उपाध्यक्षांच्या डिबेटमुळे निवडणूक कधी फिरली आहे का?

फिरली असं ठामपणे सांगता येईल असं एकही उदाहरण मला दिसत नाही. सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग १९८८ चा. थोरले बुश यांचे जोडीदार, ४१ वर्षांचे डॅन क्वेल आपल्या अनुभवाची तुलना जॉन केनेडी यांच्याशी करून बसले. समोरचे लॉइड बेन्टसन शांतपणे म्हणाले, केनेडींबरोबर मी काम केलं आहे, ते माझे मित्र होते, तुम्ही केनेडी नाही. क्वेल यांचा चेहरा उतरला. पण नोव्हेंबरमध्ये बुश-क्वेल जोडीने ५० पैकी ४० राज्यं जिंकली. त्यात बेन्टसन यांचं टेक्ससही होतं.

सगळ्यात जास्त प्रेक्षक २००८ च्या बायडेन-पेलिन डिबेटला मिळाले, जवळपास ७ कोटी. व्हान्स-वॉल्झ यांना मिळाले ४.३ कोटींच्या वर.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा १९९२ ची डिबेट जास्त आठवते. अपक्ष रॉस पेरो यांचे जोडीदार जेम्स स्टॉकडेल हे निवृत्त नौदल अधिकारी. व्हिएतनाममध्ये साडेसात वर्षं युद्धकैदी होते, छळ सोसला, देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. अभ्यास तत्त्वज्ञानाचा. त्यांनी सुरुवात केली: मी कोण? मी इथे का आहे? तो मनापासून विचारलेला, विचारवंताचा प्रश्न होता. लोक हसले. पुढे एकदा कर्णयंत्र चालू नव्हतं म्हणून प्रश्न परत विचारायला सांगितला, त्यावरही हसले. त्या मंचावर आयुष्याने सर्वांत जास्त पारखलेला माणूस टीव्हीपुरता गोंधळलेला म्हातारा ठरला. डिबेटमधली सफाई म्हणजे योग्यता असं कुणी म्हणालं की मी स्टॉकडेल यांचं नाव घेतो.

देहबोली, कपडे, हावभाव यांना किती महत्त्व द्यावं?

फारसं देऊ नये. २०२० मध्ये पेन्स यांच्या पांढऱ्या केसांवर माशी बसली ती सगळ्यांना आठवते. त्या रात्री कोविडवर कोण काय बोललं, ते विचारून बघा.

आपल्याकडे उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांची अशी डिबेट का होत नाही?

कारण आपल्याकडे त्या पदाला जनता मत देत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे खासदार गुप्त मतदानाने उपराष्ट्रपती निवडतात. ९ सप्टेंबर २०२५ ला सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले तेव्हा ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तरी ते किंवा त्यांचे प्रतिस्पर्धी बी. सुदर्शन रेड्डी आपल्याकडे मत मागायला आले नाहीत, कारण मत आपल्याकडे नव्हतंच.

दोन्ही पदांत एक साम्य आहे. आपला उपराष्ट्रपती राज्यसभेचा सभापती असतो आणि मतं समसमान झाली तरच मत देतो, तिकडे सिनेटमध्ये तसंच. फरक मोठा आहे तो वारशाचा. अमेरिकेत अध्यक्ष गेला की उपाध्यक्ष उरलेल्या पूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष होतो. आपल्याकडे उपराष्ट्रपती फक्त काळजीवाहू असतो आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. ३ मे १९६९ ला झाकीर हुसेन यांचं निधन झाल्यावर व्ही. व्ही. गिरी असेच कार्यवाहू राष्ट्रपती होते. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काही आठवडे ते काम सांभाळावं लागलं.

म्हणून मराठी वर्तमानपत्रं ‘उपाध्यक्ष’ लिहितात ते बरोबर आहे. ‘अमेरिकेचे उपराष्ट्रपती’ लिहिलं की दोन वेगळी पदं एकच वाटू लागतात.

अमेरिकेतल्या मराठी मतदाराच्या मताला या जोडीदारांमुळे फरक पडतो का?

तिथे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना वेगवेगळं मत देता येत नाही, जोडीलाच द्यावं लागतं. माझी एक भाची विचारत होती, ट्रम्प हवेत पण व्हान्स नकोत, किंवा उलट, असं करता येतं का? नाही. शिवाय कुठे राहता यावर बरंच अवलंबून. २०२४ मध्ये चुरस सात राज्यांत होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना, नेवाडा. सातही ट्रम्प यांना गेली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधूनच प्रतिनिधिगृहात निवडून येतात, म्हणून त्या राज्याच्या निकालाकडे आपल्याकडचे बरेच जण डोळे लावून होते.

निवडून आल्यावर व्हान्स यांचं काय? डिबेटमधलं काही खरं ठरलं का?

ट्रम्प-व्हान्स जोडीला ३१२ आणि हॅरिस-वॉल्झ जोडीला २२६ इलेक्टोरल मतं मिळाली. शपथविधीनंतर चारच दिवसांनी, २४ जानेवारी २०२५ ला, संरक्षणमंत्रिपदासाठी पीट हेगसेथ यांच्या नावावर सिनेटमध्ये ५०-५० अशी मतं पडली. स्वतःच्या पक्षाचे तीन सिनेटर विरोधात गेले होते. व्हान्स यांनी निर्णायक मत दिलं. १ जुलै २०२५ ला ट्रम्प यांच्या करकपात आणि खर्चाच्या मोठ्या विधेयकावर पुन्हा ५०-५०, पुन्हा व्हान्स. गरिबांच्या मेडिकेड या आरोग्ययोजनेचा खर्च कमी करणाऱ्या तरतुदी त्यात होत्या. ज्यांना हे विधेयक हवं होतं त्यांना व्हान्स विश्वासाचे वाटले, ज्यांना नको होतं त्यांना डिबेटमधलं आरोग्यावरचं ते शांत उत्तर आठवलं.

पुढची डिबेट २०२८ मध्ये. तेव्हा बघताना काय करू?

वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे प्रश्न लिहा, उजवीकडे उत्तराचं एक वाक्य. वाक्य सापडलं नाही तर जागा कोरी सोडा. विशेषणं लिहू नका. डिबेट संपल्यावर वाहिन्यांवरची पंडितांची चर्चा लगेच ऐकू नका, आधी स्वतःचं पान वाचा. दुसऱ्या दिवशी संपूर्ण संवादाची लिखित प्रत निघते, ती घेऊन कोऱ्या जागा पुन्हा तपासा. व्हान्स-वॉल्झ डिबेटचं माझं पान अजून माझ्याकडे आहे. त्यात डावीकडे ‘२०२० ची निवडणूक हरले का?’ असं लिहिलं आहे आणि उजवीकडे काही नाही.